गाणं आपलं, चित्रही आपलंच

बालनाट्यांसाठी मी विनोदी गाणी लिहिते आणि त्यांच्या पुस्तिकेतली चित्रंही मीच काढते. हे धाडस मला एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज विनोदी गीतकार डब्ल्यू. एस. गिल्बर्टने दिलं. संगीतकार आर्थर सलिव्हनच्या चालींवर लंडन गाजवणारी त्याची ऑपेरागीतं १८९० साली ‘साँग्ज ऑफ अ सव्हॉयार्ड’ या पुस्तकात आली, ती त्याच्याच चित्रांसह.

गाण्याला चित्र काढायचं तर आधी चाल विसरा. पुस्तकात पेटी नाही, नट नाही. नटाचं काम चित्राला करायचंय. शब्द नुसते मोठ्याने वाचा आणि पात्र कुठे उघडं पडतं ती ओळ शोधा. त्याच्या ‘पिनाफोर’ या ऑपेरामधला (१८७८) आरमारप्रमुख ऐटीत सांगतो, की वकिलाच्या कचेरीत पोऱ्या असताना दाराची मूठ घासूनपुसून मी या पदाला पोचलो. इथे जहाज काढायचा मोह होतो. मी चित्र काढलं तर तो पोऱ्या आणि ती मूठच काढीन. समुद्राचा थेंबही नको.

लांबलचक गाण्यात हे जास्तच सांभाळावं लागतं. ‘आयोलँथी’मधला (१८८२) लॉर्ड चान्सलर, म्हणजे इंग्लंडचा बडा न्यायाधिकारी, झोप न लागल्याचं गाऱ्हाणं गातो, त्यात स्वप्नांची नुसती रांग लागते. सगळी कोंबलीत तर पान गजबजेल. पांघरूण सरकून उघडी पडलेली पायाची बोटं, एवढंच घ्या.

चेहरा गंभीर ठेवा. शब्द वेडे असतील तर चित्रातल्या माणसाला आपण वेडं बोलतोय हे ठाऊक नसावं. गिल्बर्टने ‘फन’ या विनोदी साप्ताहिकात स्वतःच्या ‘बॅब बॅलड्स’ या कवितांसाठी ‘बॅब’ या नावाने काढलेली सुरुवातीची चित्रं भन्नाट आहेत. मला ती फार आवडतात. पण त्या कवितांच्या १८९८च्या आवृत्तीत त्यानेच त्यांतला अतिरेक अनावश्यक ठरवला आणि दोनशे नवी चित्रं काढली. कवितांपुरतं मला हे पटत नाही, गाण्यांच्या बाबतीत मात्र पूर्ण पटतं.

साधनं थोडी लागतात: एचबी पेन्सिल, निब, काळी शाई, कार्ट्रिज पेपर. ‘फन’साठी गिल्बर्ट लाकडी ठोकळ्यावर चित्र काढायचा, कोरणाऱ्याला झेपतील एवढ्याच रेषा. आपण छापायच्या मापाच्या दुप्पट काढावं आणि झेरॉक्सवर निम्मं करून पाहावं. ज्या रेषा एकमेकींत मिसळून काळा डाग होतात, त्या पुढच्या खेपेला गाळा.

आणि चित्र विनोदाच्या ओळीआधी कधीच लावू नका. माझ्या पहिल्या पुस्तिकेत ते वरच छापलं गेलं आणि मुलं गाणं वाचायच्या आधीच हसून मोकळी झाली. आता मी ते पान उलटल्यावर, ओळीच्या खाली ठेवते.