बोअरच्या पाण्यातला टीसीई परमँगनेटने काढताना

यंत्राच्या भागांचं ग्रीस धुवायचा टीसीई (ट्रायक्लोरोएथिलीन) पाण्यापेक्षा जड. सांडला की बेसाल्टच्या भेगांतून खाली उतरतो आणि वाळूज-चिकलठाण्यासारख्या औद्योगिक पट्ट्यात अशी भेग कुणाच्या बोअरला लागेल, सांगता येत नाही. त्यावर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून काही होत नाही. पाणी उकळलं तर टीसीईची वाफ घरात पसरते. पोटॅशियम परमँगनेट मात्र टीसीईचं विघटन करतं.

आधी तपासणी. ४० मिलीची काचेची बाटली काठोकाठ भरा, आत बुडबुडा नको, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत द्या. अहवालात कार्बन टेट्राक्लोराइड किंवा क्लोरोफॉर्म असेल तर परमँगनेटचा नाद सोडा, ते त्याला दाद देत नाहीत.

हिशेबाने १ ग्रॅम टीसीईला २.४ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट लागतं. लिटरमागे ५०० मायक्रोग्रॅम टीसीई असलेल्या हजार लिटरला जेमतेम १.२ ग्रॅम. या आकड्यावर विसंबलात तर फसलात, कारण पाण्यातलं लोह, मँगनीज आणि सेंद्रिय घाणच आधी परमँगनेट खाऊन टाकते. म्हणून जार टेस्ट करायचीच. १० ग्रॅम परमँगनेट १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, म्हणजे १ मिलीत १० मिलिग्रॅम आलं. बोअरचं पाणी एकेक लिटर चार बाटल्यांत घेऊन त्यांत १, २, ४, ८ मिली घाला, झाकणं घट्ट लावून २४ तास सावलीत ठेवा. गुलाबी रंग टिकलेली सर्वांत कमी मात्रा ही पाण्याची भूक. एकही टिकली नाही तर मात्रा वाढवून पुन्हा करा. टाकीत त्यावर लिटरमागे ५० मिलिग्रॅम जास्त घाला.

एवढं उरलं तर साधारण तासाभरात टीसीई निम्मा होतो. ५०० वरून ५ मायक्रोग्रॅमवर यायला सहा-सात तास, घाई असेल तर मात्रा वाढवा. टीसीईचाच भाऊबंद असलेल्या पीसीईला (टेट्राक्लोरोएथिलीन) याच मात्रेत दहापटीहून जास्त वेळ लागतो. तिथे कार्बन फिल्टर परवडतो. टाकी झाकणबंदच हवी. उघडी ठेवली तर टीसीई हवेत जातो आणि अहवाल मात्र छान येतो!

उरलेला गुलाबी रंग सोडियम थायोसल्फेटने घालवा. तपकिरी गाळ बसू द्या, मग वाळू, मग कार्बन. गाळ तसाच पुढे गेला तर कार्बन चोंदतो. शेवटच्या नमुन्यात क्रोमियम (सहा) जरूर तपासा, परमँगनेट साध्या क्रोमियमचं विषारी क्रोमियम करतं. हे पाणी प्यायला नाही.

परमँगनेटचा डबा ग्रीस, ग्लिसरीन आणि भुशापासून लांब ठेवा, आग लागते. आणि ते थेट बोअरमध्ये ओतू नका, भेगांवाटे शेजारच्या नळाला गुलाबी पाणी यायचं.