दुकानाचं नेटवर्क: चोर यायच्या आधी कोणती दारं बंद करायची

मागच्या मार्चएंडला नागपूरच्या गांधीबागेतल्या एका कापडाच्या होलसेलवाल्या काकांचा सकाळीच फोन आला, टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडून नाही राहिली म्हणे. जाऊन पाहतो तर डेटाच्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची नावं बदललेली आणि डेस्कटॉपवर नोट, पैसे द्या नाहीतर डेटा विसरा. बॅकअप होता, पण बॅकअपची हार्डडिस्क वर्षभर त्याच कॉम्प्युटरला लावून ठेवलेली, म्हणून तीपण लॉक. दोन पोरं महिनाभर कागदी बिलं पाहून पाहून एन्ट्र्या मारत बसली.

चोर आला कसा तर आपणच उघडून दिलेल्या दारातून. अकाउंटंटला घरून काम करता यावं म्हणून कोणीतरी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा (दूरून कॉम्प्युटर चालवायची विंडोजची सोय) ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे नेटवर्कचं दार, सरळ इंटरनेटवर उघडून दिला होता, आणि पासवर्ड काय तर फर्मचं नाव आणि पुढे १२३. मी इतवारी, गांधीबाग, हिंगणा एमआयडीसी या भागात हेच काम करतो आणि जिथं जातो तिथं थोड्याफार फरकानं हीच गोष्ट दिसते, म्हणून लिहून राहिलो.

पहिलं काम कागद-पेनचं. राउटरला काय काय जोडलंय ते लिहून काढा, कॉम्प्युटर, प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा), हजेरीचं थंब मशीन, पोरांचे मोबाईल, शेटच्या केबिनमधला टीव्ही, सगळं. जे लिहिलंच नाही त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार.

मग ब्राउझरमध्ये राउटरच्या सेटिंगचं पान उघडा. ॲडमिन-ॲडमिन असा पासवर्ड असेल तर तो त्याच मिनिटाला बदला, फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, यूपीएनपी (मशीनना स्वतःच पोर्ट उघडू देणारी सोय) आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिननं वायफाय जोडायची सोय) बंद करा, आणि बाहेरून राउटरची सेटिंग उघडायची सोय चालू असेल तर तीपण बंद. आता पोर्ट फॉरवर्डिंगची, म्हणजे बाहेरून आत यायला उघडलेल्या दारांची, यादी बघा, ही सगळ्यात महत्त्वाची. तिथं जी जी ओळ आहे ती कशासाठी आहे हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे, नाही सांगता आलं तर काढून टाका, कोणाचं काही अडलं तर तो स्वतः ओरडत येईल. काही जण ३३८९ च्या जागी दुसरा नंबर टाकून निश्चिंत होतात, त्यानं काही होत नाही, बाहेर दिवसरात्र सगळेच नंबर तपासणारे प्रोग्राम फिरत असतात आणि शोडानसारखं सर्च इंजिन तर २००९ पासून अशी उघडी मशीन शोधून देतं.

घरून काम पाहिजेच असेल तर व्हीपीएन, म्हणजे दुकानाच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद खाजगी रस्ता, लावा. बऱ्याच राउटरमध्ये ओपनव्हीपीएन किंवा वायरगार्ड हे व्हीपीएनचे प्रकार आधीच असतात, आधी व्हीपीएन मग रिमोट डेस्कटॉप, या क्रमानं. दहा वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की अकाउंट दहा मिनिटं लॉक होईल अशी सेटिंग विंडोजमध्ये करून ठेवा. आणि ईमेल, बँक, क्लाउड जिथं जिथं दोन टप्प्यांचं लॉगिन (पासवर्डनंतर मोबाईलवरचा कोड) मिळतं तिथं ते चालू पाहिजे म्हणजे पाहिजेच.

डीव्हीआरकडे कोणी पाहतच नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसनं कंपनीतून आलेले पासवर्ड वापरूनच जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले होते. बसवणाऱ्यानं ठेवलेला पासवर्ड बदला, आणि कॅमेरे, थंब मशीन, टीव्ही हे सगळं वेगळ्या नेटवर्कवर टाका. राउटरला व्हीलॅन (एकाच राउटरवर वेगवेगळी नेटवर्क करायची सोय) जमत नसेल तर निदान गिऱ्हाईक आणि स्टाफच्या मोबाईलला गेस्ट वायफाय द्या, बिलिंगच्या कॉम्प्युटरवाल्या वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवू नका.

कॉम्प्युटरच्या बाबतीत थोडक्यात, रोजचं बिलिंग ॲडमिन अकाउंटवरून नको, साधं युजर अकाउंट बनवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ७ चा तर २०२० मध्येच, तरी तीच मशीन चालू आहेत. अपडेटचा कंटाळा करणाऱ्यांना मी नेहमी वॉनाक्राय या फाइली लॉक करणाऱ्या व्हायरसची गोष्ट सांगतो, मे २०१७ मध्ये त्यानं जगभर धुमाकूळ घातला आणि त्याला अडवणारा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) मायक्रोसॉफ्टनं मार्चमध्येच दिला होता, दोन महिने आधी! क्रॅकवालं सॉफ्टवेअर टाकताना अँटिव्हायरस बंद करा म्हणतात ना, तिथंच तुम्ही चोराला चावी देता.

आता बॅकअप, इथं जरा थांबून वाचा. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या जागी, एक दुकानाच्या बाहेर. दोन हार्डडिस्क घ्या, एक सोमवारी, एक गुरुवारी, बॅकअप झाला की लगेच काढून कपाटात, आणि एक नेहमी घरी (नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत डिस्क ठेवू नका, खरंच सांगतो). क्लाउडवर ठेवत असाल तर जुन्या व्हर्जन परत मिळतात का ते बघा, नाहीतर लॉक झालेली फाइलच वर जाऊन बसेल. आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोर करून कालचं बिल दिसतं का ते पाहाच, कारण टेस्ट न केलेले बॅकअप ऐनवेळी रिकामे निघालेले मी पाहिलेत. सोबत विंडोज डिफेंडरमधलं कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस (परवानगी नसलेल्या प्रोग्रामला फाइली बदलू न देणारी सोय) चालू करून टॅलीचं फोल्डर त्यात टाका, टॅलीला परवानगी द्यावी लागेल, दोन मिनिटांचं काम आहे.

लॉगचं, म्हणजे कधी काय घडलं त्या नोंदींचं, पण पाहा. साध्या राउटरचा लॉग लाईट गेली की पुसला जातो, म्हणून तो एखाद्या जुन्या पीसीवर पाठवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि सायबर हल्ल्याची घटना कळल्यापासून ६ तासांत त्यांना कळवायची असते.

आणि झालंच काही तर आधी लॅन केबल उपटा, वायफाय बंद, पण कॉम्प्युटर फॉरमॅट करू नका आणि घाईघाईत बंदही करू नका, पुरावा जातो. नोटचा मोबाईलनं फोटो काढा. बॅकअपची डिस्क घाबरून लगेच लावू नका, काका नंतर तेच करायला निघाले होते, घरी सापडलेली एक जुनी डिस्क घेऊन, दारातच हात धरून थांबवलं. खात्यातून पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, नाहीतर सायबर पोलीस ठाण्यात तक्रार. मग दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून सगळे पासवर्ड बदला, राउटरपासून सुरुवात करून.