हार्ड डिस्क बिघडण्याआधी ‘फाइल हिस्टरी’ चालू करा

हार्ड डिस्क अनेकदा काहीही पूर्वसूचना न देता बंद पडते आणि लग्नाचे फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, मुलांचे व्हिडिओ एका फटक्यात जातात. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फाइल हिस्टरी’ ही बॅकअपची, म्हणजे फाइल्सची दुसरी प्रत ठेवण्याची, सोय फुकट आहे. ती फक्त आपण चालू करायची असते.

१. लॅपटॉपमधल्या डिस्कपेक्षा मोठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क जोडा.
२. कंट्रोल पॅनलमध्ये ‘फाइल हिस्टरी’ उघडून ‘टर्न ऑन’ दाबा. डिस्क जोडलेली असेल तोवर दर तासाला बदललेल्या फाइल्सची प्रत आपोआप होते.
३. यात मुख्यतः डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज हेच फोल्डर येतात. आपल्यातले बरेच जण फोटो डी ड्राइव्हवर ठेवतात, ते सुटतात! त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘इन्क्लूड इन लायब्ररी’मधून तो पिक्चर्समध्ये घ्या. विंडोज ११ मध्ये हा पर्याय ‘शो मोअर ऑप्शन्स’खाली सापडेल.
४. एखादा जुना फोटो ‘रिस्टोअर’ करून उघडून पाहा. ही पायरी कृपया गाळू नका.

सी वरून डी वर कॉपी करणं म्हणजे बॅकअप नव्हे. बहुतेक लॅपटॉपमध्ये ते एकाच डिस्कचे दोन भाग असतात, त्यामुळे दोन्ही एकदमच जातात.

सावधगिरी: प्रत झाली की एक्स्टर्नल डिस्क ‘इजेक्ट’ करून काढून ठेवा. रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइल्सही कुलूपबंद होतात.