पोकेमॉन टीसीजी (ट्रेडिंग कार्ड गेम): पहिल्या सर्चलाच प्राइझ ओळखा

पोकेमॉनच्या 60 कार्डांच्या डेकमधली 6 कार्डं सुरुवातीलाच उलटी प्राइझमध्ये (समोरच्याचा पोकेमॉन हरवला की उचलायची बक्षिसाची कार्डं) जातात, त्यामुळे अल्ट्रा बॉल (डेकमधून पोकेमॉन शोधायचं कार्ड) वगैरे टाकून पहिल्यांदा डेक उघडला की हवा तो पोकेमॉन उचलून लगेच शफल करू नका, आधी काय गायब आहे ते बघा. सगळी 60 तपासत बसायची गरज नाही (टाइम पण जातो), ज्यावर गेम उभा आहे तेवढंच मोजा, म्हणजे चॅरिझार्डचा डेक असेल तर चॅरिझार्ड किती, रेअर कँडी (पोकेमॉन झटपट इव्हॉल्व्ह करायचं कार्ड) किती. हातातली, टेबलावरची आणि डिस्कार्डमधली (टाकून दिलेली) पण धरा. 3 पैकी 2 चॅरिझार्ड प्राइझमध्ये अडकलेत हे कळलं तर उरलेला एक डिस्कार्ड करायचा नाही, प्रोफेसर्स रिसर्च हे कार्ड खेळताना तर खासच, कारण त्यात हातातली सगळी कार्डं डिस्कार्डमध्ये जातात.