लर्निंगचे 180 दिवस आधी कॅलेंडरवर मांडा

लर्निंग लायसन्स आधारवरून घरबसल्या निघतं, परीक्षाही ऑनलाइन होते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्यावर मी वेळ घालवत नाही. माझं अडलं ते तारखांत.

लर्निंग मिळाल्यापासून 30 दिवस पक्क्या लायसन्सची टेस्ट देता येत नाही, आणि 180 दिवसांनी लर्निंगच संपतं. मधले पाच महिने खूप वाटतात. मलाही वाटले होते. जूनमध्ये लर्निंग निघालं. पावसात कशाला गाडी काढायची, मग गणपती, मग सेमिस्टर, मग दिवाळी. अपॉइंटमेंट घ्यायला बसले तर नोव्हेंबरचा शेवट मिळाला. टेस्टच्या दिवशी लर्निंगचे पाच दिवस उरले होते, आणि मी नापास झाले. नापास झाल्यावर पुढची टेस्ट सात दिवसांनंतरच देता येते. पाच दिवसांत सात दिवस बसत नाहीत. पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा 30 दिवस थांबणं. त्या संध्याकाळी आईला फोन करून सांगताना मला रडू आवरलं नव्हतं.

म्हणून सांगते, लर्निंग हातात आलं की त्याच दिवशी संपण्याची तारीख कॅलेंडरवर लिहा. तिथून दोन महिने मागे या आणि पहिली टेस्ट त्या तारखेच्या आधी द्या. म्हणजे एकदा, अगदी दोनदा नापास झालात तरी जागा उरते. तीनदा झालात तर मात्र 60 दिवस थांबावं लागतं. आणि मुदत संपलेल्या लर्निंगवर गाडी चालवणं म्हणजे विनालायसन्सच. दंड 5,000 रुपये.

नापास कशी झाले, तेही सांगते. चढावर गाडी थांबवून पुन्हा काढायची होती. ब्रेक सोडला आणि गाडी मागे सरकली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत हे कधीच झालं नव्हतं, कारण तिथे शिकवणाऱ्यांच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतो आणि आमच्या सरांचा पाय महिनाभर त्यावरच होता. अर्धी गाडी तेच चालवत होते, मला वाटत होतं मीच चालवतेय. तुम्ही दुसऱ्या आठवड्यातच त्यांना स्पष्ट सांगा, "सर, पाय मागे घ्या." राग आला तरी सांगा. मला खरं शिकवलं ते मामाने, सोसायटीच्या उतारावर, रविवारी सकाळी. हँडब्रेक ओढायचा, क्लच हळूहळू सोडत बॉनेट किंचित उचललं जाईपर्यंत थांबायचं, मग हँडब्रेक सोडायचा. वीस-पंचवीसदा केलं की पायाला कळतं. एजंट अपॉइंटमेंटची धावपळ करून देईल, पण "टेस्टचं बघतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. चढावर तुम्ही एकटेच असता.

मामा शेजारी होता, हा नुसता आधार नव्हता, नियमच आहे. लर्निंगवर शेजारी पक्कं लायसन्सवाला हवा, तोही गरज पडली तर गाडी थांबवता येईल असा बसलेला. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल हवा. दुचाकीवर मागे बसवायचं तर फक्त लायसन्सवाल्या शिकवणाऱ्याला, मैत्रिणीला कॉलेजला सोडायचं नाही. एल लावला की झालं, असं समजू नका. विम्याच्या पॉलिसीत लर्निंगवाल्याला मुभा असते ती हाच नियम पाळण्याच्या अटीवर. एकट्याने गाडी नेऊन ठोकलीत तर गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो.

सोळा-सतरा वर्षांच्यांसाठी एकच. तुमचं लायसन्स 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं असतं. घरातली 110 सीसीची स्कूटर त्यात बसत नाही. लायसन्स नसताना हातून गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, आणि तुम्हाला वयाच्या 25 पर्यंत लर्निंगही मिळत नाही. बाबांनी किल्ली दिली तरी घेऊ नका.

बाकीच्यांनी घाबरू नका. नापास होणारे खूप असतात, ट्रॅकवर माझ्यापुढचे दोघेही झाले होते. दुसऱ्या वेळी त्याच चढावर मी हँडब्रेक ओढला, बॉनेट उचललं जाण्याची वाट पाहिली, आणि गाडी जराही मागे न जाता वर गेली. पक्कं लायसन्स आल्यावर आपल्याकडे नवशिक्यावर वेगळं बंधन नाही, त्याच दिवशी एकट्याने घाट चढायलाही मोकळीक. मी तरी पहिल्यांदा कात्रजला जाताना मामाला शेजारी बसवलं.