नाव तेच, माणूस दुसराच : भाषण, फलक आणि स्मरणिका करताना या चुका टाळा

जानेवारीचा दुसरा आठवडा आला की सोलापुरात फलक, भाषणं आणि निमंत्रणपत्रिकांची गर्दी होते. १२ जानेवारीला चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन असतो. त्याच दिवशी जिजाऊंची आणि विवेकानंदांची जयंती येते आणि लगोलग ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा सुरू होते. मजकूर रात्री लिहिला जातो, फोटो मोबाइलवर शोधला जातो आणि सकाळी डीटीपीवाल्याला व्हॉट्सॲपवर जातो. या घाईत एक चूक हमखास होते: नाव बरोबर छापलं जातं, पण माणूस दुसराच निघतो.

ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर कुणीतरी लगेच बोट ठेवतं. इथे मात्र अक्षर न् अक्षर शुद्ध असतं, त्यामुळे मुद्रितशोधकाच्या नजरेतूनही ही चूक सुटते. एकाचं आयुष्य दुसऱ्याच्या नावावर चढतं आणि पुढच्या वर्षी तोच फलक पाहून आणखी कुणीतरी भाषण लिहितं. वक्तृत्व स्पर्धांचं परीक्षण करताना आणि स्मरणिका तपासताना ज्या गफलती पुन्हा पुन्हा दिसतात, त्या इथे एकत्र केल्या आहेत.

हुतात्म्यांचं नाव नुसतं शोधू नका

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे ही चार नावं सोलापूरकरांच्या तोंडी एका दमात येतात. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटलं, गोळीबार झाला आणि सरकारने शहरात मार्शल लॉ लावला. पुढे खटला चालला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवडा तुरुंगात फाशी दिली गेली.

आता यातलं एकच नाव, ‘जगन्नाथ शिंदे’, शोधून पाहा. औषध विक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेचे अध्यक्ष आणि विधान परिषदेचे सदस्य राहिलेले जगन्नाथ शिंदे समोर येतात. त्यांचं सार्वजनिक काम मोठं आहे, बातम्या आणि फोटो भरपूर आहेत, म्हणून ते वर दिसणं साहजिक आहे. हुतात्म्याविषयी त्या मानाने फार थोडं उपलब्ध आहे. पहिला फोटो उचलणाऱ्याच्या हातून एका हुतात्म्याचा चेहराच बदलतो, आणि हे मला फार लागतं. ज्याने शहरासाठी जीव दिला, त्याला त्याच्याच गावाच्या फलकावर दुसऱ्याचा चेहरा मिळावा हे बरं नव्हे.

उपाय सोपा आहे. शोधताना चारही नावं एकत्र टाका, किंवा नावाआधी ‘हुतात्मा’ आणि नंतर ‘सोलापूर १९३१’ जोडा. चेहऱ्याची खात्री होत नसेल तर चार हुतात्मा चौकात जा आणि चारही पुतळ्यांचा मिळून एक फोटो काढा. तो कधीच चुकणार नाही.

याच चौघांच्या बाबतीत उलटी चूकही होते. सारडांचं नाव कुठे श्रीकृष्ण, कुठे श्रीकिसन असं छापलेलं आहे. कुर्बान हुसेन यांचं नाव काही ठिकाणी अब्दुल रसूल कुर्बान हुसेन असं पूर्ण येतं. दोन पुस्तकांतून टिपणं काढणारा विद्यार्थी एकाच माणसाची दोन माणसं करून बसतो. हुतात्मे चार, तुमच्या यादीत पाचवं नाव आलं तर आधी वेगळ्या रूपात आलेलं तेच नाव आहे का, हे तपासा.

सिद्धरामेश्वर कोणते?

ही गफलत सगळ्यात खोल आहे, कारण दोघेही सोलापूरचेच. ग्रामदैवत शिवयोगी सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवण्णा आणि अल्लमप्रभूंच्या काळातले शरण, म्हणजे शिवभक्त संत. तलावातलं मंदिर, अडुसष्ट लिंगं, सात नंदीध्वज, संक्रांतीचा अक्षता सोहळा हे सगळं त्यांचं. त्यांची वचनं कन्नड आहेत.

दुसरे श्री सिद्धरामेश्वर महाराज सोलापूर जिल्ह्यातल्याच पाथरीत १८८८ मध्ये जन्मले. इंचगिरीच्या भाऊसाहेब महाराजांचे ते शिष्य. त्यांची प्रवचनं मराठीत झाली. १९३६ मध्ये त्यांनी देह ठेवला आणि त्यांची समाधी मुंबईत बाणगंगेला आहे. निसर्गदत्त महाराज आणि रणजित महाराज हे त्यांचे शिष्य, त्यामुळे परदेशातही त्यांचं नाव पोचलं आणि इंटरनेटवर त्यांच्याविषयी खूप मजकूर आहे. ‘सिद्धरामेश्वर यांचे विचार’ असं शोधणाऱ्याला आधी हेच सापडतात आणि मग यात्रेच्या शुभेच्छांवर विसाव्या शतकातल्या प्रवचनातलं वाक्य छापलं जातं.

ओळखण्याच्या दोन खुणा सांगतो. पहिली, फोटो. कॅमेऱ्याने काढलेलं छायाचित्र असेल तर ते बाराव्या शतकातल्या शिवयोग्यांचं असूच शकत नाही. दुसरी खूण त्याहून पक्की आहे. सिद्धरामांच्या वचनांत ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ ही मुद्रा, म्हणजे रचनेतली कवीची नाममुद्रा, येते. वचनाखाली ही मुद्रा नसेल आणि मजकूर ‘माया’, ‘ब्रह्म’, ‘साक्षी’ अशा वेदान्ती परिभाषेतला असेल, तर थांबा आणि मूळ पुस्तक मागा.

त्यात तिसरं नाव मिसळतं ते विजयपूरच्या ज्ञानयोगाश्रमाचे सिद्धेश्वर स्वामी यांचं. त्यांचे भक्त आपल्याकडेही आहेत आणि २ जानेवारी २०२३ ला ते लिंगैक्य झाले, म्हणजे त्यांचा स्मृतिदिनही जानेवारीतच. आपण बोलताना ग्रामदैवताला सिद्धरामेश्वरही म्हणतो आणि सिद्धेश्वरही. बोलण्यात ते गोडच वाटतं. छापताना मात्र ‘शिवयोगी’, ‘महाराज, इंचगिरी परंपरा’, ‘स्वामी, विजयपूर’ अशी जोड हवीच.

शाहू, बाजीराव, राजाराम : गादी पाहा, शतक पाहा

‘शाहू महाराजांनी बाजीरावांना पेशवाई दिली आणि मागासवर्गीयांना पन्नास टक्के आरक्षण दिलं.’ हे वाक्य स्पर्धेत खणखणीत आवाजात म्हटलं जातं. पेशवाई १७२० ची, आरक्षणाचा आदेश १९०२ चा. मध्ये १८२ वर्षं आहेत. पहिले छत्रपती शाहू (१६८२–१७४९) साताऱ्याचे, संभाजीराजांचे पुत्र. दुसरे राजर्षी शाहू (१८७४–१९२२) कोल्हापूरचे; कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले आणि दत्तक म्हणून गादीवर आलेले. फुले आणि आंबेडकरांबरोबर नाव घेतो ते राजर्षींचं. २०२४ मध्ये कोल्हापुरातून लोकसभेवर निवडून गेलेले शाहू छत्रपती हे आजच्या पिढीतले.

साताऱ्याच्या शाहूंचं छायाचित्र मिळत नाही, फक्त चित्रं मिळतात. फेटा बांधलेल्या, भरदार शरीराच्या राजाचा काळा-पांढरा फोटो राजर्षींचा. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे फलक दुरुस्त होतील.

बाजीरावांचं सोलापूरशी नातं सांगताना हाच घोटाळा होतो. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी सोलापूरचा किल्ला घेतला, तेव्हाचे पेशवे दुसरे बाजीराव. थोरले बाजीराव १७४० मध्येच रावेरखेडीला वारले होते. किल्ल्याच्या माहितीसोबत घोड्यावरच्या थोरल्या बाजीरावांचं चित्र लावू नका.

राजाराम तर किमान तीन: जिंजीहून लढलेले छत्रपती (१६७०–१७००), १८७० मध्ये इटलीत फ्लॉरेन्सला वारलेले कोल्हापूरचे तरुण राजे, आणि राजर्षींचे चिरंजीव, जे १९४० पर्यंत हयात होते.

आपल्या काळातली माणसं, आणि वडिलांचं नाव

हयात व्यक्तींच्या बाबतीत चूक झाली तर ती त्या माणसापर्यंत पोचते, म्हणून इथे जास्त काळजी घ्यावी. अतुल कुलकर्णी हे नाव सोलापूरला जवळचं. सोलापुरात नाटकाची गोडी लागलेले आणि दोन राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेले अभिनेते अतुल कुलकर्णी सगळ्यांना माहीत आहेत. सोलापूर ग्रामीणला पोलीस अधीक्षक म्हणून आलेल्या आयपीएस अधिकाऱ्यांचंही हेच नाव. मुंबईत याच नावाचे ज्येष्ठ पत्रकारही आहेत. तिघांना एकाच शहरात व्याख्यानाला बोलावता येईल, इतके तिघेही आपापल्या जागी परिचित. बातमी शेअर करताना नाव टाइप केल्यावर जो पहिला टॅग सुचवला जातो तो दाबू नका; प्रोफाइल उघडा आणि मग टॅग करा.

राजकारणात तर वडिलांच्या नावावाचून भागतच नाही. जयंत राजाराम पाटील इस्लामपूरचे, राजारामबापूंचे चिरंजीव. जयंत प्रभाकर पाटील रायगडचे, शेतकरी कामगार पक्षाचे. सांगोल्यात शेकापच्या कार्यक्रमात ‘भाई जयंत पाटील’ म्हटलं की दुसरे, हे तिथल्या कार्यकर्त्याला सांगावं लागत नाही. पण सोलापुरात बसून पत्रिका करणाऱ्याला सांगावं लागतं. नावातल्या साम्याचं वजन किती असतं ते २०१४ च्या रायगड लोकसभेत दिसलं. अनंत गीते २,११० मतांनी जिंकले आणि पराभूत सुनील तटकरे यांच्याच नावाच्या दुसऱ्या उमेदवाराला ९,८४९ मतं पडली होती.

पण वडिलांचं नाव जोडलं म्हणजे काम संपलं असं समजू नका. विनायक दामोदर म्हटलं की सगळ्यांना सावरकर आठवतात. चित्रपटांतले मास्टर विनायक यांचंही नाव विनायक दामोदर, आडनाव कर्नाटकी. नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव अशी तिन्ही अंगं पूर्ण लिहा आणि सोबत गाव किंवा क्षेत्र द्या.

आद्याक्षरं हा आपल्या मराठीचा लाडका प्रकार, पण तो फसवतो. वि. स. खांडेकर म्हणजे विष्णु सखाराम, कादंबरीकार. वि. स. पागे म्हणजे विठ्ठल सखाराम, रोजगार हमी योजनेचे जनक. आडनावाच्या बाबतीत बेंद्रे घ्या. कन्नडचे महान कवी द. रा. बेंद्रे सोलापूरच्या दयानंद महाविद्यालयात अनेक वर्षं कन्नड शिकवत होते, ही आपल्या शहराची केवढी मोठी श्रीमंती! ‘बेंद्रे सोलापुरात होते’ असं नुसतं लिहिलं की वाचणाऱ्याला शिवकाळाचे संशोधक वा. सी. बेंद्रे आठवतात किंवा चित्रकार ना. श्री. बेंद्रे. द. रा. बेंद्रे यांच्यावर सोलापुरात मराठीतून जेवढं लिहिलं जायला हवं तेवढं लिहिलं जात नाही; निदान जे लिहू त्यात ते पूर्ण नावाने असावेत.

पदव्याही गाळू नका. डॉ. झाकिर हुसेन भारताचे तिसरे राष्ट्रपती, १९६९ मध्ये पदावर असताना वारले. उस्ताद झाकिर हुसेन तबलावादक, १९५१ ते २०२४. इथे ‘डॉ.’ आणि ‘उस्ताद’ हीच ओळख आहे.

कधी नात्याचाच भास होतो. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या वडिलांचं नाव शांताराम, आणि त्यांच्या आयुष्यावर १९४६ मध्ये चित्रपट काढला व्ही. शांताराम यांनी. दोघांचं नातं नाही.

‘नामा म्हणे’ आणि ‘समर्थ’

पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, म्हणून हे सांगायलाच हवं. संत नामदेव १२७० ते १३५० या काळातले. सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे कवी होऊन गेले. मराठीत महाभारत रचणारे ते. दोघांच्या रचनेत ‘नामा’ येतो, आणि जुन्या वह्यांत उतरवून घेणाऱ्यांनी त्यांच्या रचना एकत्र केल्या. अभ्यासकांना त्या वेगळ्या करताना भाषेचं वय, मुद्रा आणि हस्तलिखितांचा काळ पाहावा लागतो. भाषणात अभंग घेताना तो कोणत्या गाथेतला आहे ते लिहून ठेवा आणि भाषा एकनाथांच्या काळाजवळची वाटली तर जाणकाराला विचारा.

‘समर्थ’ या शब्दाचंही तसंच. अक्कलकोटचे स्वामी समर्थ १८७८ मध्ये समाधिस्थ झाले. मनाचे श्लोक समर्थ रामदासांचे, सतराव्या शतकातले. अक्कलकोटच्या स्वामींच्या चित्राखाली मनाचा श्लोक छापायला हरकत नाही. खाली ‘समर्थ रामदास’ एवढं मात्र हवं.

छापून झाल्यावर लक्षात आलं तर

फलक असेल तर त्यावर दुरुस्तीची पट्टी चिकटवण्यापेक्षा तो उतरवा. चेहरा चुकलेला असताना पट्टीने काही साधत नाही. स्मरणिकेत शुद्धिपत्रक घाला आणि त्यात चुकीचा आणि योग्य माणूस दोघांचीही एका ओळीत ओळख द्या, म्हणजे वाचणाऱ्याला गफलत कशी झाली ते कळेल. भाषणात चूक झाली तर निवेदकाने त्याच व्यासपीठावरून दुरुस्ती सांगावी. मुलांसमोर सांगितलेली दुरुस्ती मुलं चांगली लक्षात ठेवतात. मराठी विकिपीडियावर एका नावाच्या अनेक व्यक्तींसाठी निःसंदिग्धीकरण पानं असतात. तुमच्या माणसाचं नाव तिथे नसेल तर भर घाला.

आणि डीटीपीवाल्याच्या संगणकावरची जुनी फाइल पुसायला सांगा. बहुतेक ठिकाणी दर वर्षी मागच्याच फलकावर साल बदलून नवा फलक निघतो. नवा फोटो देताना फाइलचं नावच ‘जगन्नाथ शिंदे हुतात्मा १९३१’ असं ठेवा, म्हणजे पुढच्या जानेवारीत फाइल उघडणारा कुणीही असो, त्याला विचारायला कुणाकडे जावं लागणार नाही.