आधी प्रश्न, मग धडा: वर्गात विषयाची ओढ कशी लावायची

कॉलेज सुरू होऊन दोन-तीन आठवडे झाले की वर्गातून विचारणा होते, "सर, यातलं आयएमपी, म्हणजे परीक्षेला महत्त्वाचं, काय?" मुलं कामचुकार असतात म्हणून ती असं विचारत नाहीत. आपण त्यांना सतत उत्तरं देत असतो, पण ती कोणत्या प्रश्नांची आहेत हे सांगायचं राहून जातं. न पडलेल्या प्रश्नाचं उत्तर पाठ करायला परीक्षेखेरीज दुसरं कारण काय असणार? म्हणून शिकवण्याचा क्रम उलटा करा. आधी प्रश्न पडू द्या, मुलांकडून अंदाज घ्या आणि धडा त्यानंतर उघडा. सांगली-मिरजेतल्या अकरावी-बारावीच्या आणि पदवीच्या वर्गांत हे कसं करता येईल ते पुढे सांगतो. साताऱ्याकडच्या शिक्षकांना उदाहरणं थोडी बदलून घेता येतील.

१. धडा कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे ते शोधा

हे काम आदल्या दिवशी घरी करायचं, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा. धडा समोर ठेवून स्वतःला विचारा, हे सूत्र किंवा ही संकल्पना नसती तर कोणाचं काय अडलं असतं?

अकरावीचा एकके आणि मापनाचा धडा घ्या. तो रुक्ष वाटतो, कारण आपण सुरुवातच मीटर-किलोग्रॅमच्या तक्त्याने करतो. पण पावसाळ्यात सांगलीतल्या घराघरांत दोन एककं रोज ऐकू येतात, टीएमसी आणि क्युसेक. "कोयनेतून इतके क्युसेक सोडले" ही बातमी ऐकून इथली माणसं घरातलं सामान माळ्यावर चढवतात. म्हणून तक्ता बाजूला ठेवा आणि फळ्यावर एवढंच लिहा: कोयना धरण पूर्ण भरलंय, साठा १०५.२५ टीएमसी. वरून नवं पाणी येत नाही आणि दर सेकंदाला ५० हजार घनफूट, म्हणजे ५० हजार क्युसेक, सोडलं जातंय. धरण रिकामं व्हायला किती वेळ लागेल?

कोणी दोन दिवस म्हणेल, कोणी आठवडा. मग हिशोब मुलांनाच करू द्या. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. त्याला ५० हजारांनी भागलं की २० हजार सेकंद येतात, म्हणजे सुमारे साडेपाच तास. याला १०५.२५ ने गुणलं की चोवीस दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. घनफुटाचे लिटर करायला सांगितलं तर एक टीएमसीचे साधारण २,८३१ कोटी लिटर होतात. आता एककांचं रूपांतर कशाला शिकायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. दुसऱ्या तासाला सांगलीत कृष्णेवर असलेल्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचा आलेख घेता येतो. तिथे इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

इथे एक काळजी घ्याच. वर्गात अशी मुलं असतील ज्यांच्या घरात त्या पुराचं पाणी शिरलं होतं. "तुझ्या घरात किती आलं होतं रे?" असं कोणालाही उभं करून विचारू नका. फक्त जाहीर झालेले आकडे वापरा. आपलं सांगायचं की नाही, हे ज्याचं त्याला ठरवू द्या.

२. अंदाज वहीत लिहून घ्या

तोंडी नको. तोंडी विचारलं की पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा उत्तर देतो आणि बाकीचे मोकळे होतात. प्रत्येकाने पेनने वहीत एक आकडा किंवा एक ओळ लिहायची आणि नंतर खोडायची नाही. लिहिलेला अंदाज बरोबर ठरतो की चूक, याची उत्सुकता माणसाला आपोआप लागते. शिक्षकाच्या हातात याहून स्वस्त आणि प्रभावी साधन मला माहीत नाही. प्रोजेक्टरवरची रंगीत चित्रं किंवा तासात पेरलेले विनोद या कामाला पुरत नाहीत. ते संपले की लक्षही उडतं.

मग हात वर करायला लावून पर्यायांची मोजणी करा. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मेझर १९९१ पासून ही पद्धत पदवीच्या मोठ्या वर्गांत वापरत आले आहेत. प्रश्न विचारायचा, प्रत्येकाने एकट्याने उत्तर निवडायचं, मग शेजाऱ्याला ते पटवायचं आणि पुन्हा मत द्यायचं. बरोबर उत्तर देणारे साधारण ३० ते ७० टक्के असतील तर चर्चा सर्वांत चांगली रंगते. त्याहून कमी असतील तर आधी थोडं शिकवा, जास्त असतील तर पुढे चला. याला क्लिकर वगैरे मत नोंदवायची यंत्रं लागत नाहीत. ८० मुलांच्या वर्गातही बोटं दाखवून काम भागतं.

३. प्रश्न विचारून गप्प राहा

अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांमधलं ध्वनिमुद्रण तपासलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. हा वेळ तीन सेकंद किंवा जास्त केला, तर उत्तरं लांब आणि सकारण येऊ लागली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. मनात पाचपर्यंत आकडे मोजा. आपल्याकडची खेड्यातून एसटीने येणारी मुलं-मुली अनेकदा शुद्ध बोलण्याच्या धास्तीने गप्प बसतात. त्यांच्या बोलीत उत्तर आलं तर भाषा दुरुस्त करत बसू नका, आधी उत्तराचं बघा.

४. वस्तू हातात द्या

रसायनशास्त्रात आम्ल-आम्लारी दर्शक शिकवताना लिटमसच्या आधी हळद आणा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, घरोघरी ती आहेच. कागदाच्या पट्ट्यांना ओली हळद फासून वाळवा. एकीवर साबणाचं पाणी, एकीवर चुन्याची निवळी, एकीवर लिंबाचा रस टाकायचा. पण आधी अंदाज लिहायला लावा. साबण आणि चुना लागला की पट्टी लालसर होते, लिंबाने पिवळीच राहते. आता लाल पट्टीवर लिंबू पिळलं तर? हा दुसरा अंदाज पहिल्यापेक्षा महत्त्वाचा, कारण बदल उलटा फिरतो हे तिथे कळतं. पट्टी पुन्हा पिवळी झाली की मुलंच विचारतात, असं का? तेव्हा हळदीतल्या कुरकुमिन या रंगद्रव्याची रचना फळ्यावर काढा. भाजीचा डाग साबणाने लाल का झाला, हे एखादी मुलगी घरी आईला समजावून सांगेल.

जीवशास्त्रासाठी सांगलीजवळच्या हरिपूरची पेवं आहेत. जमिनीखालच्या या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षं साठवली जायची. पेव उघडल्याबरोबर माणूस आत का उतरत नाही, एवढंच विचारून श्वसनाचा धडा सुरू करा. कारण शोधत मुलं आतल्या कमी झालेल्या ऑक्सिजनपर्यंत येतात. भौतिकशास्त्राला मिरज जवळच आहे. तिथल्या कारागिराकडे जाऊन तंबोऱ्याचा भोपळा आणि जवारी (तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा घासून आकार दिलेला पृष्ठभाग) पाहिली तर अनुनाद आणि अधिस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे स्वर, कानांनी समजतात.

५. भाषा आणि वाणिज्य शिकवणाऱ्यांसाठी

वाणिज्य शाखेला सगळ्यात सोपं आहे. शेतकऱ्यांची मुलं वर्गात असतातच. मार्केट यार्डातल्या सौद्यानंतर मिळालेली हळदीची किंवा बेदाण्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, नावं झाकून आणायला सांगा. वजन, दर, हमाली, तोलाई आणि हातात आलेली रक्कम हे सगळं त्यात असतं. जर्नल एंट्री, म्हणजे हिशोबवहीतली नोंद, त्यावरच करा.

मराठीच्या तासाला विष्णुदास भाव्यांचं 'सीता स्वयंवर' हे नाटक आहे. ते १८४३ मध्ये सांगलीतच झालं. सूत्रधार पदं गायचा आणि पात्रं आपली भाषणं बरीचशी आयत्या वेळी रचत. तारखा सांगण्याआधी एकाला चार ओळी म्हणायला लावा आणि दोघांना तिथल्या तिथे संवाद करू द्या. लिखित संहिता कशासाठी लागली, हे त्या दहा मिनिटांत उलगडतं.

६. पोर्शन आणि परीक्षेचं काय?

प्रत्येक तास असा घेता येणार नाही, आणि तशी गरजही नाही. प्रकरणातल्या एका अवघड संकल्पनेसाठी, तासाची पहिली दहा मिनिटं, एवढ्याने सुरुवात करा. पण घटक चाचणीत मात्र याची दखल हवीच. वर्गात टीएमसीवर चर्चा केली आणि चाचणीत नुसत्या व्याख्या विचारल्या, तर मुलं बरोबर ओळखतात की ती चर्चा फक्त गंमत होती. चाचणीत निदान एक प्रश्न असा ठेवा की ज्याचं उत्तर गाइडमध्ये सापडणार नाही: उदाहरणार्थ, विसर्ग ५० हजारांवरून ८० हजार क्युसेक केला तर एक टीएमसी पाणी किती तासांत जाईल? उत्तराबरोबर कारणमीमांसेलाही गुण द्या, आणि हे चाचणीच्या आधी वर्गात सांगून टाका.